घरचा तलाव, गावचे पाणी

आखाजीला खानदेशात सालदाराचे साल ठरते. रोख किती, धान्य किती, उचल किती, याची बोलणी होतात. काम कोणते, याची बोलणी मात्र फारशी होत नाहीत. मालक सांगेल ते काम, ही त्या करारातली न बोललेली अट असते. या न बोललेल्या अटीत आता एका नव्या कामाची भर पडू पाहत आहे. ते काम म्हणजे मालकाच्या शेतघरातील पोहण्याच्या तलावाची निगा.

लोणावळा, कर्जत, अलिबाग या भागांत बंगल्यामागचा तलाव ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. जमिनीत पुरून बसवावयाचे फायबरचे तयार हौद विकत मिळतात आणि त्यांच्या जाहिराती आता मोठ्या शहरांपुरत्या राहिलेल्या नाहीत. पहूर हे जळगावहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे बाजाराचे गाव. रस्त्यालगतच्या जमिनींत शेतघरे उठली की ही हौसही त्यांच्या मागोमाग येणार. ती येण्यापूर्वीच तिचा हिशेब मांडलेला बरा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या जमिनीत खड्डा खणून कोणी डुंबत असेल तर तुमच्या पोटात का दुखावे? आक्षेप रास्त आहे. म्हणून त्याला घोषणांनी नव्हे, आकड्यांनी उत्तर दिले पाहिजे.

दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल, असा बेताचा तलाव घेतला तरी त्यात ७५ हजार लिटर पाणी मावते. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण माणसाचा रोजचा वाटा किमान ५५ लिटर ठरविला. म्हणजे तलाव एकदा भरणे हे साडेतेराशे माणसांचे एका दिवसाचे पाणी झाले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली आगगाडी गेली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. साऱ्या देशाने ते दृश्य पाहिले. त्या संपूर्ण गाडीने असे सात तलावसुद्धा भरले नसते.

आणि भरणे ही केवळ सुरुवात होय. तलाव बाळगणाऱ्यांच्या तक्रारी जगभर सारख्याच असतात : पाणी हिरवे पडते, पंप जळतो, फरशा निखळतात, गळती कोठे आहे ते सापडत नाही. आपल्या भागात या प्रत्येक तक्रारीला जमीन आणि हवामान अधिकच धार लावतात. खानदेशचा वैशाख पारा पंचेचाळीसपर्यंत नेतो. अशा दिवसांत उघड्या पाण्याचा दहा मिलिमीटर थर रोज उडून जातो असे धरले, तर वरच्या तलावातून दररोज ५०० लिटर पाणी हवेत जाते. ते नऊ माणसांचे दिवसाचे पाणी. उन्हाळ्याच्या शंभर दिवसांत असे ५० हजार लिटर, म्हणजे तलावाचा दोनतृतीयांश भाग, कोणी एक सूरही न मारता नाहीसा होतो.

पाणी उडते, पण त्यातले क्षार मागे राहतात. खडकातील कूपनलिकेचे पाणी मुळात जड. रोज नवे जड पाणी घालावयाचे आणि उन्हाने त्यातला निव्वळ ओलावा न्यावयाचा, या क्रमाने तलावातले क्षार वाढत जातात. फरशांवर पांढरा थर चढतो आणि गाळकातली वाळू दगडासारखी बसते. क्लोरीनच्या गोळ्या वापरल्या तर त्यांतील उन्हापासून रक्षण करणारे द्रव्यही पाण्यात साठत जाते. ते मर्यादेबाहेर गेले की क्लोरीन असूनही नसल्यासारखा होतो. या दोन्ही दुखण्यांवर नेहमीचा उपाय एकच : बरेचसे पाणी सोडून द्या आणि पुन्हा भरा. वाळूचा गाळक उलटा धुतानाही दर खेपेला सातशे ते हजार लिटर पाणी गटारात जाते.

पंपाची गत निराळी नाही. सगळे पाणी दिवसातून एकदा तरी गाळून निघावे म्हणून एक अश्वशक्तीचा पंप सात-आठ तास चालवावा लागतो. त्याला रोज सात-आठ युनिटे वीज लागते. वीज गेली, पाणी दोन दिवस स्थिर राहिले आणि क्लोरीन उन्हात विरला, की शेवाळ धरलेच. जमिनीचा जाच आणखी वेगळा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. पाया पुरेसा भक्कम केला नसेल तर तिच्या या हालचालीने काँक्रीटला तडे जातात आणि नळांचे सांधे सुटतात. हौद रिकामा ठेवावा तर पावसाळ्यात भोवतालचे पाणी त्याला खालून उचलते. थोडक्यात, घरचा तलाव हे असे जनावर आहे की ज्याला काम असो वा नसो, रोज वैरण घालावीच लागते.

ही वैरण घालतो कोण? मालक आठवड्यातून एकदा पोहणार. जाळीने पाला काढणे, गाळक धुणे, क्लोरीन टाकणे, आम्ल ओतून पाण्याचा गुण जुळविणे, ही कामे सालदाराच्या किंवा राखणदाराच्या अंगावर पडतात. आम्ल आणि क्लोरीनची भुकटी एका बादलीत मिसळली तर विषारी वायू सुटतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. हातमोजे नाहीत, चष्मा नाही, डब्यावरच्या सूचना इंग्रजीत. ज्या पाण्यात त्याच्या मुलांना पाय टाकण्याची मुभा नाही, ते पाणी निर्मळ ठेवण्यासाठी त्याने आपली फुप्फुसे पणाला लावावयाची. त्याच गावात ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी तुटपुंज्या पगारावर टाकीत टीसीएल पावडर टाकीत असतो. रसायन तेच. एकाच्या हातून सारे गाव रोगराईपासून वाचते, दुसऱ्याच्या हातून एका कुटुंबाची करमणूक होते.

आता दुसरा आक्षेप. अभ्यासू कार्यकर्ता म्हणेल की ७५ हजार लिटर म्हणजे एक एकराला दोन सेंटिमीटरही पाणी नव्हे. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात भूजल खाली गेले ते पोहण्याच्या तलावांनी नव्हे. हे खरेच आहे, आणि ते आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पाण्याचा मोठा लढा पिकांच्या वाटपाचाच राहील. पण केळीच्या बागेत घडी कापणारा, वाहणारा, गाडीत भरणारा असे अनेक हात पोट भरतात. तलावातून निपजते काय? शिवाय येथे प्रश्न केवळ किती पाण्याचा नाही. ज्याच्या घरी स्वतःची कूपनलिका, स्वतःचा शुद्धीकरणाचा संच आणि स्वतःचा तलाव आहे, तो गावाचा नळ आठ दिवस कोरडा राहिला तर ग्रामसभेत उठून विचारील काय? गावातला वजनदार माणूस सार्वजनिक सोयीतून बाहेर पडला की त्या सोयीचा वाली जातो, आणि मग ती सोय कुजते. खासगी तलावाचे खरे नुकसान हे आहे.

अमेरिकेचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील नगरपालिकांनी शेकडो सार्वजनिक तलाव बांधले. अनेक ठिकाणी कृष्णवर्णीयांना त्यांत उतरू देत नसत. पुढे न्यायालयांनी भेदभाव बेकायदा ठरविला, तेव्हा मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहराने सर्वांना एकत्र पोहू देण्याऐवजी तलाव चालविणेच सोडून दिले. आणि १९७१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ही कृती चालवून घेतली. ऐपतदार गोरे खासगी क्लबांत आणि घरामागच्या तलावांत पोहू लागले. गरिबांना तलाव उरला नाही. दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन शहरात २०१८ साली माणशी रोज ५० लिटरची मर्यादा घालावी लागली. त्या शहराविषयी २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखविले की सुमारे १४ टक्के सधन लोक घरगुती पाण्यापैकी निम्म्याहून अधिक पाणी वापरीत होते. त्यांच्या बागा आणि पोहण्याचे तलाव त्या वापरात होते.

आपल्याला हे परके वाटू नये. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळाने १९२३ साली संमत केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. आपल्याकडची मुले पाठीला भोपळा किंवा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकली, याचे कौतुक आपण करतो. त्या विहिरी साऱ्यांच्या नव्हत्या, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. तेव्हा जुन्या विहिरींकडे परत जा, असे आमचे म्हणणे नाही. जे पूर्वी सर्वांचे नव्हते ते सर्वांचे करा, हे म्हणणे आहे.

कारण पोहणे ही चैन नाही. आपल्या भागात तो जीव वाचविण्याचा प्रश्न आहे. २०१६ साली राज्यात ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली. शेततळ्यांनी फळबागा जगविल्या, यात शंका नाही. पण प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्याच्या कडा ओल्या झाल्या की तेलकट होतात. आत पडलेल्याला, पोहता येत असले तरी, वर चढता येत नाही. दर उन्हाळ्यात अशा तळ्यांत मुले बुडाल्याच्या बातम्या येतात. त्यांत शेतमजुरांची मुले असतात, गुराखी असतात. ज्या मुलाला पोहणे शिकण्याची सर्वांत अधिक गरज आहे, त्याला ते शिकविण्याची सोय तालुक्यात नाही. आणि ज्याला चैनीसाठी पोहावयाचे आहे, त्याच्या अंगणात तलाव आहे.

येथेच देखभालीच्या त्या सगळ्या कटकटीचा खरा अर्थ लागतो. सूर्य पोहणाऱ्यांची संख्या मोजत नाही. एक कुटुंब पोहो की एक शाळा, वाफेने जाणारे पाणी जवळपास तेवढेच. पंप तोच, गाळक तोच, राखणारा माणूस एकच. क्लोरीन थोडा अधिक लागेल आणि पाणी थोडे अधिक वेळा गाळावे लागेल, इतकेच. जो खर्च एका घराला डोईजड होतो, तोच पाच-सातशे मुलांवर वाटला तर नगण्य ठरतो. पोहण्याचा तलाव ही वस्तू जात्याच सार्वजनिक आहे. खासगी मालकाच्या तक्रारी म्हणजे सामुदायिक वस्तू एकट्याने बाळगण्याचा दंड होय.

पाणी मिळून राखण्याची विद्या खानदेशाला कोणी शिकवावयास नको. धुळे जिल्ह्यात पांझरेवरील फड पद्धतीत लाभधारक शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या मिळून बंधारा आणि पाट राखीत आले. पाटकरी आणि जागल्या हे साऱ्यांचे नोकर असत. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिने पाण्याचा हक्क जमिनीला न देता माणसाला दिला, आणि भूमिहीनालाही वाटेकरी मानले. उलट १८८२ चा सुखाधिकार कायदा जमिनीखालच्या पाण्यावर जमीनमालकाचा हक्क मानतो. महाराष्ट्राने १९९३ साली सार्वजनिक पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत विनापरवाना विहीर खणण्याला बंदी केली. नवा भूजल कायदा २००९ चा. तो २०१४ मध्ये अमलात आला. पण उपसलेले पाणी घोटासाठी की डुंबण्यासाठी, हा प्रश्न गावाने स्वतः विचारल्याखेरीज कोणी विचारणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने क्रिकेटच्या मैदानांवरील पाण्याचा प्रश्न विचारला आणि ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर नेण्याचा आदेश दिला. मैदानाच्या हिरवळीला जो न्याय, तोच अंगणातल्या निळ्या फरशांना का नको?

म्हणून कार्यकर्त्यांनी पुढच्या ग्रामसभांत चार मागण्या मांडाव्यात. टंचाईच्या महिन्यांत विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी खासगी तलावात सोडावयाचे नाही, असा ठराव व्हावा. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज आहे. ती शेतकऱ्याच्या घामाची आहे, मालकाच्या डुंबण्याची नाही. त्या जोडणीवर तलाव भरला जाऊ नये. सालदाराचे काम लेखी ठरावे, आणि रसायने हाताळावी लागत असतील तर शिक्षण, साधने आणि अपघाताची भरपाई मालकाने द्यावी. प्रत्येक शेततळ्याला कुंपण आणि आत सोडलेला दोर सक्तीचा व्हावा. आणि या चारांच्या पलीकडे एक मोठी मागणी जिल्हा परिषदेकडे करावी : जामनेर तालुक्यात शाळांसाठी एक सार्वजनिक पोहण्याचा तलाव, ज्यात पहूर पेठेच्या व्यापाऱ्याचे मूल आणि पहूर कसब्याच्या मजुराचे मूल एकाच पाण्यात हातपाय मारायला शिकेल.

गोरेगावच्या वस्त्यांना पाणी मिळावे म्हणून मृणालताई गोरे यांनी हंडे घेऊन निघालेल्या बायांना संघटित केले, तेव्हा लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ हे नाव दिले. पाण्याचा प्रश्न त्या नळावर उभ्या राहून विचारीत होत्या. अजिंठ्याच्या डोंगरातून येणारी वाघूर पहूरला येते ती कोणा एकाच्या नावाचा सातबारा घेऊन येत नाही. तिच्या काठाखालचे पाणी कोणाचे, हे तेथील ग्रामसभेने ठरवावयाचे आहे. आणि ते उन्हाळा लागण्यापूर्वी ठरवावयाचे आहे.