हौस की काम?

आमच्या बचत गटाची बैठक दर महिन्याच्या दहा तारखेला दुपारी भरते. तेव्हा जेवणं आटोपलेली असतात, मुलं शाळेत असतात आणि कर्त्या माणसांची घरी यायची वेळ झालेली नसते. इतक्या वर्षांत आम्ही कर्जं दिली ती शिलाई मशीनला, शेळ्यांना, किराणा दुकानाच्या मालाला, रोवणीच्या मजुरीला, कॉलेजच्या फीला. अर्ज आला की दोन-चार प्रश्न विचारायचे आणि सह्या करायच्या. भांडण असं कधी झालं नाही.

गेल्या वर्षी मात्र झालं.

गटातल्या एका ताईंनी मुलीसाठी अठरा हजार मागितले. कशाला? संगणकाला जोडायची पेटी, म्हणजे कीबोर्ड, आणि चांगले हेडफोन घ्यायचे होते. मुलगी व्हिडिओ गेमसाठी संगीत तयार करते म्हणे. बैठकीत आधी शांतता पसरली आणि मग एकदम हशा पिकला. ताईंचं तोंड एवढंसं झालं. "पोट्टी रातभर कानाले डबे लावून बसते जी. मले समजत नाही ते काय करते. पण ते म्हणते, हे माझं काम आहे," त्या खाली मान घालून म्हणाल्या.

कोषाध्यक्ष ताईंचा मुद्दा काही खोटा नव्हता. "शिलाई मशीन उद्या विकता तरी येते. गाणं कोण घेईल?" दुसरीनं विचारलं, "गेम म्हणजे तेच नं, रमीचं? माझ्या दिराचं वावर त्याच्यात गेलं." त्यावर तर सगळ्यांनीच माना हलवल्या.

खरं सांगू? मीही हसले होते. गटाची अध्यक्ष मी, बी.ए. झालेली, गावात चार लोकांत उठबस असणारी. तरी हसले. ते हसू अजून टोचतं, म्हणून आज हे लिहायला बसले.

आधी रमीचं सांगते, कारण हा घोटाळा घरोघरी आहे. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ वेगळे आणि गोष्टीसारखे, सिनेमासारखे खेळायचे व्हिडिओ गेम वेगळे. पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये केला. त्या कायद्यानंही हा फरक केलेला आहे. दुसऱ्या प्रकारचे खेळ बनवणं ही कला आहे आणि उद्योगही. त्यात चित्रकार लागतो, लेखक लागतो, प्रोग्रॅम लिहिणारा लागतो आणि संगीतकारही लागतो. सगळे खेळ मोठ्या कंपन्याच करतात असंही नाही. दोघं-चौघं मित्रमैत्रिणी मिळून, कधी एकटं माणूससुद्धा, स्वतःच्या हिमतीवर खेळ उभा करतं.

आपल्या पुण्याचंच उदाहरण घ्या. तिथल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीनं २०२० साली 'राजी' नावाचा खेळ आणला. राजी ही एक साधी मुलगी. तिच्या धाकट्या भावाला असुर पळवून नेतात आणि दुर्गेच्या आशीर्वादानं ती त्याच्या शोधात निघते. २०१७ मध्ये या मंडळींनी लोकवर्गणीतून पैसा उभा करायचा प्रयत्न केला होता, तो फसला. तरी काम थांबलं नाही. पुढे खेळ बाहेर पडला आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स' या जगातल्या मोठ्या पुरस्कारांत पहिल्या प्रयत्नाच्या उत्तम खेळांच्या यादीत त्याचं नाव लागलं. या खेळाचं संगीत लिनोस त्झेलोस नावाच्या ग्रीक संगीतकाराचं आहे. पुण्यातल्या खेळाला ग्रीसचा माणूस संगीत देऊ शकतो, तर ब्रह्मपुरीच्या मुलीनं दुसऱ्या कुठल्या गावच्या खेळाला का देऊ नये? या कामाला गाव आडवं येत नाही. वीज गेली तर मात्र येतं!

हे सगळं मला त्या बैठकीत ठाऊक नव्हतं. तिथे चर्चा फिरवली ती आमच्यातल्या सगळ्यात वयस्क बाईंनी. इतका वेळ त्या कोपऱ्यात वाती वळत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या घरवाल्यानं पंचवीस वर्षं नाटकात तबला वाजवला. त्याच पैशानं दोन पोरींचे लग्न झाले. तवा त्याले कोणी हौस नाही म्हटलं. माणूस वाजवते तर धंदा, अन् पोरगी वाजवते तर हौस?"

कुणालाच उत्तर सुचलं नाही.

आपण झाडीपट्टीच्या बायका. दिवाळी झाली की मंडईला आणि शंकरपटाला नाटक आलंच. वैनगंगा ओलांडून वडशाला गेलं की रस्त्याच्या कडेनं नाटक कंपन्यांच्या पाट्या दिसतात. होळीपर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाच्या गावागावांत रात्र रात्र प्रयोग चालतात. आपल्याच गडचिरोलीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्याला केवढा आनंद झाला! कलेवर पोट भरतं हे पुण्या-मुंबईच्या लोकांना नवल वाटेल, आपल्याला वाटायला नको. रंगमंचापुढे बसून ऑर्गन आणि तबला वाजवणाऱ्यांना आपण लहानपणापासून बघत आलो आहोत.

पुढे त्या मुलीच्या घरी गेले, तेव्हा याच ऑर्गनवाल्यामुळे मला तिचं काम समजलं. तिनं मला एक खेळ दाखवला. रानातून एक बाई चालली आहे. खेळणारा शांतपणे चालत असला की नुसती बासरी वाजते. जनावर जवळ आलं की त्याच सुरांखाली हळूच ढोल येतो. धोका टळला की ढोल विरून जातो. ती म्हणाली, "काकू, सिनेमाचं बरं असतं. प्रसंग किती मिनिटांचा ते आधीच ठरलेलं. इथं खेळणारा रानात एक मिनिट थांबेल की अर्धा तास, मला माहीत नसतं. म्हणून तुकडा असा बांधायचा, की शेवट पुन्हा सुरुवातीला जाऊन मिळावा आणि सांधा ऐकू येऊ नये."

मी म्हटलं, अगं, हेच तर आपला ऑर्गनवाला करतो! नटानं स्वगत लांबवलं की तोही सूर धरून ठेवतो. वन्समोअर आला की पुन्हा पहिल्यापासून. नजर नटावर आणि हात पट्ट्यांवर. ती खुदकन हसली आणि म्हणाली, "म्हणजे मी झाडीपट्टीचंच करते, फक्त नट दिसत नाही."

तिच्या संगणकात धानाच्या बांधीतल्या बेडकांचा आवाज होता, राइस मिलचा ठेका होता, रातकिडे होते. रोवणीच्या बायकांचं गुणगुणणंही होतं. मी विचारलं, त्या बायकांना सांगितलं का? तर तिनं सांगितलं होतं. खेळाच्या शेवटी नावं येतात, त्यात त्यांची नावं घालायची अट तिनं स्वतःच टाकली होती. मला त्या पोरीचं तेव्हा खरं कौतुक वाटलं.

आता माझ्या हसण्याचं कारण सांगते. लग्नाआधी मी गांधर्वची मध्यमा पूर्णपर्यंत परीक्षा दिली होती. सासरी येताना पेटी बरोबर आणली. इथे कुणी एका शब्दानं 'वाजवू नको' म्हटलं नाही. सासूबाई तर पाहुण्यांना कौतुकानं सांगत, "सूनबाईला गाण्याची हौस आहे." पण हौस ही सगळं आटोपल्यावर करायची गोष्ट. आणि बाईचं सगळं कधी आटोपतं का? आधी पेटी कपाटावर गेली, मग माळ्यावर. मला कुणी अडवलं नाही, म्हणून कुणाशी भांडताही आलं नाही. त्या दिवशी ती पोरगी 'हे माझं काम आहे' म्हणते असं ऐकलं आणि मी हसले. मला ते कधीच म्हणता आलं नव्हतं, म्हणून असेल.

हा काही माझ्या एकटीचा अनुभव नाही. साक्षात लताबाईंनी १९६० च्या दशकात 'मोहित्यांची मंजुळा', 'साधी माणसं' अशा मराठी चित्रपटांना संगीत दिलं ते 'आनंदघन' या टोपणनावानं. त्यामागची कारणं त्यांची त्यांना ठाऊक. पण संगीतकार म्हणून बाईचं नाव तेव्हा किती विरळा होतं, हे त्यावरून मनात येतंच. जपानच्या योको शिमोमुरा पियानो शिकल्या. पियानो शिकवायची नोकरी समोर असताना १९८८ मध्ये त्या व्हिडिओ गेमच्या कंपनीत संगीतकार म्हणून गेल्या. घरचे नाराज झाले. एवढी महागडी फी भरली ती याच्यासाठी का, म्हणून. आज त्यांचं संगीत मोठमोठे वाद्यवृंद सभागृहांत वाजवतात. आई-बापांची काळजी जगभर सारखीच असते, आणि ती खोटीही नसते.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. अमेरिकेत एरिक बॅरोन नावाच्या तरुणानं शेतीवरचा एक खेळ एकट्यानं केला. चित्रं, गोष्ट, संगीत सगळं स्वतः. त्याला चार वर्षांहून जास्त काळ लागला. २०१६ मध्ये तो खेळ आला आणि जगभर गाजला. त्यात प्रत्येक ऋतूला वेगळं संगीत आहे. पण त्या चार वर्षांत घर मुख्यतः चाललं ते त्याच्या जोडीदारणीच्या कमाईवर. त्या काळात त्याला रोज बसायला वेळ होता आणि जागा होती, कारण घरातल्या कुणीतरी त्याच्या कामाला काम मानलं होतं. आपल्या मुलींच्या वाट्याला हे कधी येणार?

मुलींनाही दोन शब्द सांगते. काम म्हणायचं तर कामासारखं करा. त्या मुलीनं रोज पहाटे पाच ते सात ही वेळ ठरवली आहे, कारण तेव्हा घर शांत असतं. मन लागो न लागो, ती बसते. हाती घेतलेला तुकडा अर्धा सोडायचा नाही, हा तिचा नियम. ४८ तासांत खेळ बनवायच्या स्पर्धा असतात, 'गेम जॅम' म्हणतात त्यांना. तिथे अनोळखी मुलामुलींच्या गटात ती संगीत करते. तिला पहिलं काम मिळालं ते अशाच ओळखीतून. सुरुवातीला मोठा खर्चही लागत नाही. एलएमएमएस, म्युझस्कोर, ऑडॅसिटी ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. जुन्या संगणकावर शिकता येतं, पेटी नंतर घेतली तरी चालते.

दुसरं म्हणजे, पैशाचं बोलायला लाजू नका. किती मिनिटांचं संगीत, किती दुरुस्त्या, आगाऊ किती, नाव कुठे येणार, हे सगळं आधी लिहून घ्या. आपल्या कॉपीराइट कायद्यात हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा असावा लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. म्हणून सही करण्याआधी नीट वाचा, कळलं नाही तर विचारा. 'घरचंच समजून करून दे' म्हणणाऱ्याला शिवणकाम करणारी बाईसुद्धा हल्ली नाही म्हणते. तुम्हीही म्हणा.

आणि तिसरं. हे करायला कॉलेज सोडू नका. या क्षेत्रात सगळ्यांचीच घरं चालतात असं नाही. ती मुलगी पदवीचं शेवटचं वर्ष करते आहे, शिकवण्याही घेते.

कर्जाचं काय झालं? त्या दिवशी अठरा नाही, दहा हजार मंजूर झाले. कोषाध्यक्ष ताईंनी विरोधात हात वर केला आणि तो त्यांचा हक्कच आहे. मुलीनं जुना कीबोर्ड घेतला, हेडफोन साधे घेतले. एक हप्ता चुकला, तेव्हा ताईंनी तो भाजीच्या पैशातून भरला. नंतर पहिलं मानधन आलं सहा हजार. चार मिनिटांच्या संगीताचे. ते पैसे तिनं बैठकीत आणून दाखवले, तेव्हा कोषाध्यक्ष ताईंनी ते दोनदा मोजले आणि विचारलं, "ऐकता येते का जी ते?" मग आम्ही बाराजणींनी एका मोबाइलभोवती डोकी जमवून ते ऐकलं. बेडकं ओरडली तेव्हा सगळ्या हसल्या, पण हे हसणं वेगळं होतं.

अजून पाच हप्ते बाकी आहेत. फिटतील की नाही, हे मी आज छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण शेळी दगावते तेव्हाही कर्ज बुडतं. म्हणून शेळीला कर्ज द्यायचं आम्ही कधी थांबवलं का?

तुमच्या घरात एखादी मुलगी चित्रं काढत असेल, सूर लावत असेल, काही लिहीत असेल, तर तिला आधी तिची वेळ विचारा. त्या वेळेत तिला चहा करायला, पाहुण्यांपुढे यायला, दळण आणायला हाक मारू नका. बाकी तिचं ती बघेल.

मागच्या रविवारी मी माळ्यावरून पेटी खाली काढली. भाता फाटला आहे, तीन सुऱ्या मुक्या झाल्या आहेत. दुरुस्तीला टाकली आहे. घरात सांगितलं, रोज संध्याकाळी सहा ते सात माझं काम असतं. यांनी विचारलं, "कसलं काम?"

म्हटलं, आहे.