वृद्धांच्या दारी कोण जाणार?

सदाशिव-नारायण पेठांतील वाड्यांत आणि कोथरूडच्या सदनिकांत असे कितीतरी वृद्ध आहेत की, ज्यांना रोगी म्हणता येत नाही आणि निरोगीही म्हणवत नाही. गुडघे साथ देत नाहीत, तोल जातो, सकाळची गोळी घेतली की राहिली याचे स्मरण नसते. मुले बंगळुरास वा अमेरिकेत. जिना उतरवत नाही म्हणून डॉक्टरकडे जाणे लांबते आणि एके दिवशी न्हाणीघरात पाय घसरून मांडीचे हाड मोडते. मग मात्र रुग्णवाहिका येते, अतिदक्षता विभाग येतो, विमा येतो. सारे काही येते!

शासनाचे औदार्यही येथूनच सुरू होते. २०२४ साली केंद्र सरकारने सत्तरी गाठलेल्या नागरिकांस, उत्पन्नाची अट न घालता, ‘आयुष्मान भारत’खाली कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण दिले. निर्णय स्तुत्यच आहे. परंतु हा पैसा रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी आहे. न्हाणीघरात आधाराची दांडी बसविण्यास त्यातून एक पैही मिळत नाही. पडल्याचे पैसे मिळतात, पडू नये म्हणून मिळत नाहीत, असा हा उफराटा न्याय आहे. २०१०-११ पासूनच्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात घरभेटींचा उल्लेख आहे, नाही असे नाही. पण उल्लेखाने कोणाचा रक्तदाब मोजला जात नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी वस्तीत १९७१ साली ‘ऑन लोक’ नावाची संस्था निघाली. तिने वृद्धाश्रमाऐवजी दिवसापुरते केंद्र काढले. वृद्धाला घरून गाडीने आणावयाचे, जेवण, औषध, व्यायाम आणि चार माणसांची सोबत द्यावयाची व सायंकाळी स्वतःच्या घरी पोचवावयाचे. डॉक्टर, परिचारिका, आहारतज्ज्ञ, इतकेच काय, गाडीचा चालकसुद्धा एकाच पथकात. कारण आजोबांना आज पायरी चढवली नाही, हे प्रथम त्यालाच कळते! पुढे या पद्धतीत माणशी ठराविक मासिक रक्कम मिळू लागली व रुग्णालयाचा खर्चही त्यातूनच करावयाचा, असे ठरले. साहजिकच माणूस घरी धडधाकट राहण्यातच संस्थेचे हित आले. १९९७ साली अमेरिकन काँग्रेसने ही पद्धत कायद्याने कायम केली.

‘ते श्रीमंतांचे चोचले,’ असे कोणी म्हणेल. त्यांनी पुण्याजवळच्या वढू गावाचे स्मरण करावे. डॉ. बानू कोयाजी यांनी के. ई. एम. रुग्णालयामार्फत सत्तरच्या दशकात तेथे काम उभारले, ते गावच्याच माणसांना शिकवून आरोग्यसेवा दारोदार पोचविण्यासाठी. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. बाळंतिणीसाठी जे खेड्यात जमले, ते पंचाहत्तरीच्या आजींसाठी शहरात का जमू नये?

पुणे महानगरपालिकेजवळ दवाखाने आहेत. त्यांपैकी एखाद्या पेठेतील दवाखान्यापासून आरंभ करावा: परिसरातील घराबाहेर न पडणाऱ्या वृद्धांची यादी, एक परिचारिका, एक व्यायामोपचारक, एक गाडी आणि दुपारी रिकामी असणारी एखादी शाळेची खोली. येत्या अंदाजपत्रकात यासाठी स्वतंत्र रक्कम दाखविण्यास प्रशासन तयार आहे काय?