निःशब्द अरण्य आणि वाचाळ विशेषणे

वर्षावनात जाऊन आलेला मराठी प्रवासी परतल्यावर जे लिहितो, त्यात ‘अनाघ्रात’, ‘मानवस्पर्शरहित’ आणि ‘निःशब्द’ ही तीन विशेषणे बहुधा असतातच. ती केवळ झिजलेली असती, तर त्यांची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु ती असत्य आहेत, आणि या असत्याची किंमत अरण्याला व अरण्याच्या आश्रयाने राहणाऱ्या माणसांना मोजावी लागते. केरळातील पालक्काड जिल्ह्यातल्या सायलेंट व्हॅलीच्या उदाहरणाने हे तपासून पाहता येईल.

‘सायलेंट व्हॅली’ हे नाव इंग्रजी अमदानीतले. तेथे रातकिड्यांची किरकिर ऐकू येत नाही म्हणून ते पडले, अशी एक उपपत्ती. ‘सैरंध्री’ या नावाचा तो इंग्रजी अपभ्रंश, अशी दुसरी. सैरंध्री हे अज्ञातवासातील द्रौपदीचे नाव. खोऱ्यातून वाहणाऱ्या नदीलाही कुंतीचे नाव आहे. लोकस्मृतीने ज्या अरण्यात महाभारताची पात्रे वसवली, ते प्रवाशाच्या लेखी मात्र निर्मनुष्य ठरते.

या खोऱ्याचा अलीकडचा इतिहास तर शब्दांचाच आहे. कुंतीनदीवरील जलविद्युत प्रकल्पाला नियोजन आयोगाने १९७३ साली मान्यता दिली. धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या सदाहरित वनासाठी जे आंदोलन उभे राहिले, त्यात केरळ शास्त्र साहित्य परिषदेने शास्त्रीय युक्तिवाद लोकांच्या भाषेत गावोगावी नेला. सुगतकुमारींसारखे मल्याळम कवी व्यासपीठांवर आले. त्यांची ‘मरत्तिनु स्तुति’ ही वृक्षस्तुती आंदोलनाचे गीत झाली. एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखालील समितीत माधव गाडगीळ सदस्य होते, हा या कथेतील मराठी धागा. १९८३ मध्ये प्रकल्प सोडून देण्यात आला आणि १५ नोव्हेंबर १९८४ रोजी राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. जे अरण्य इतक्या बोलण्यामुळे वाचले, त्याला ‘निःशब्द’ म्हणणे ही कृतघ्नता आहे. त्याहून वाईट म्हणजे, अरण्य आपोआप टिकते असा समज त्यातून पसरतो. पुढच्या धरणाची वाट याच समजातून मोकळी होते.

‘मानवस्पर्शरहित’ हे विशेषण याहून घातक. उद्यानाची वाट अट्टप्पाडीतील मुक्काली येथून जाते. हा इरुळर, मुदुगर आणि कुरुंबर या आदिवासींचा प्रदेश. प्रवाशाला वाट दाखवणारा, झाड ओळखून देणारा माणूस बहुधा यांच्यातलाच असतो. पण लेखात तो ‘आमचा वाटाड्या’ एवढ्यावर संपतो. वनात माणूस नसणे हेच वनाचे सौंदर्य, हे एकदा मान्य केले की तेथे पिढ्यान्‌पिढ्या वावरणारा माणूस अतिक्रमक ठरायला वेळ लागत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासी समाजांवरील ‘ऐतिहासिक अन्याय’ मान्य केला. मराठी निसर्गलेखनाने तो अजून मान्य केलेला नाही.

यावर असे म्हटले जाईल, की प्रवासी सौंदर्याच्या ओढीने जातो, त्याच्याकडून इतिहासाची अपेक्षा का धरावी? सौंदर्याला कोणाचाच विरोध नाही. सुगतकुमारींची कविताही सौंदर्याच्याच ओढीतून जन्मली. प्रश्न पाहण्याचा आहे. सिंहपुच्छ वानराचे दर्शन घडले नाही, म्हणून फेरी वाया गेल्याची खंत प्रवासी नोंदवतो; पण ज्या कुलेनिया वृक्षाच्या फुलाफळांवर ते वानर मोठ्या प्रमाणात जगते, त्याचे नाव त्याला विचारावेसे वाटत नाही. फांद्यांनाच फुले लगडलेला तो वृक्ष त्याच्या वाटेवरच असतो. मग उरलेली पाने स्वतःच्या अंतर्मुखतेने भरली जातात, आणि तिलाच निसर्गानुभूती म्हटले जाते.

मराठीला याहून उंच मापदंड ठाऊक नाही असे नाही. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली आले. महिन्यामागून महिना त्याच झाडांकडे पाहत राहण्याची चिकाटी त्या लेखनाच्या मुळाशी आहे; तेथील विशेषण निरीक्षणातून येते, निरीक्षणाऐवजी नव्हे. तो मापदंड हाती असताना एका मुक्कामाच्या उमाळ्यांना ललित गद्याचा मान देण्यात समीक्षेचा दोष लेखकाइतकाच आहे. अरण्याविषयीच्या प्रत्येक पुस्तकाला समीक्षकाने दोन प्रश्न विचारले पाहिजेत: हे अरण्य कोणी वाचवले, आणि तेथे कोण राहते? ज्या पुस्तकाला ही उत्तरे ठाऊक नाहीत, त्याला आपण कोठे जाऊन आलो हेही ठाऊक नसते.