धडधाकट लॅपटॉप भंगारात का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. टीपीएम २.० नाही म्हणून ११ चालत नाही, की लगेच चांगला चालता लॅपटॉप भंगारात काढायची भाषा! माझं मत विचाराल तर विंडोजच्या शेजारीच लिनक्स टाका. नेट, मेल, बँक लिनक्सवर. विंडोज फक्त टॅलीपुरतं, तेही नेट बंद ठेवून. आधी बॅकअप घ्या. बिटलॉकर असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवा. पार्टिशन विंडोजमधूनच लहान करा. फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्सला त्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही. खटपट आहे, पण एका शनिवारची. मशीन आपलं, मग ते म्हातारं कधी झालं हे दुसऱ्याने का ठरवावं?