विश्लेषण : गाडी कोटीची, पण स्टेपनी नाही! महामार्गावर टायर बसला तर करायचे काय?

मुंबईहून नागपूरला स्पोर्ट्स कार घेऊन निघालेल्या कुणाचा टायर मध्यरात्री वाशिमजवळ पंक्चर झाला, तर तो आधी डिकी उघडेल. तिथे स्टेपनी नसेल. बहुतेक वेळा जॅक आणि पानाही नसतो. असते ती सीलंटची एक बाटली आणि हवा भरायचा छोटा पंप. त्याच ठिकाणी दहा वर्षे जुन्या स्विफ्टचा टायर बसला, तर तिचा चालक अर्ध्या तासात चाक बदलून मार्गी लागतो. कोटीच्या गाडीचा मालक मात्र फोनवर फ्लॅटबेड शोधत उभा राहतो.

हा प्रसंग नुसता कल्पनेतला नाही. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस समृद्धी महामार्गावर वाशिम जिल्ह्यात मालेगाव ते वनोजा टोलनाक्यादरम्यान रस्त्यावर पडलेल्या लोखंडी फलकामुळे एका रात्रीत ५० हून अधिक वाहने पंक्चर झाल्याच्या बातम्या आल्या. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगरजवळ रस्त्यात खिळेच ठोकल्याचे व्हिडिओ फिरले. ते खिळे नसून काँक्रीटच्या भेगा भरण्यासाठी बसवलेले ॲल्युमिनियमचे नोझल असल्याचा खुलासा झाला. खुलासा खरा असला, तरी टायरला खिळा आणि नोझल यांतला फरक कळत नाही.

स्टेपनी गेली कुठे?

‘स्टेपनी’ हा शब्द मुळात एका रस्त्याच्या नावावरून आला आहे. वेल्समधील लानेल्ली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ च्या सुमारास जादा चाक विकणारा व्यवसाय सुरू झाला. ब्रिटनने ते नाव मागे टाकले, आपल्याकडे ते टिकले. आता मात्र गाडीतून ती वस्तूच नाहीशी होते आहे.

स्पोर्ट्स कारमध्ये कारण साधे आहे, जागा आणि वजन. त्यात एक तांत्रिक अडचण आहे, जी विक्रेता सहसा सांगत नाही. या गाड्यांची पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या मापाची असतात. पोर्शे ९११ करेरा एसच्या ९९२ पिढीत पुढचे टायर २४५ मिलिमीटर रुंद आणि २० इंची, तर मागचे ३०५ मिलिमीटर आणि २१ इंची आहेत. म्हणजे एक स्टेपनी चारही चाकांना चालणार नाही. जुन्या ९११ मध्ये पुढच्या डिकीत घडी होणारे छोटे चाक मिळायचे, तेही गेले. अमेरिकेत कॉर्व्हेटने १९९७ च्या मॉडेलपासून स्टेपनी काढून रन-फ्लॅट टायर दिले.

भारतात केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचे किट असेल, तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत स्टेपनी नसली तरी चालते. त्यामुळे प्रश्न आता फक्त श्रीमंतांचा राहिलेला नाही. टेस्लाच्या मॉडेल वायसह अनेक इलेक्ट्रिक गाड्याही स्टेपनीशिवाय येतात.

बाटली कधी चालते, कधी नाही?

किटमधील द्रावण टायरच्या तळव्यात, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागात, खिळ्याने पडलेले लहानसे भोक बुजवते. बहुतेक कंपन्या चार ते सहा मिलिमीटरची मर्यादा सांगतात. खिळा अडकलेला असेल तर तो उपटायचा नाही, तसाच ठेवून द्रावण आणि हवा भरायची. काही किलोमीटर हळू चालवून दाब पुन्हा तपासायचा. त्यानंतरही वेग ताशी ८० किलोमीटरच्या आतच ठेवायचा. बाटलीला मुदत असते, साधारण चार वर्षांची. सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांपैकी किती जण ती तारीख पाहतात?

टायर बाजूने फाटला असेल तर बाटलीचा उपयोग शून्य. आणि या गाड्यांचे टायर बाजूनेच जास्त फाटतात. करेरा एसच्या मागच्या टायरची बाजू जेमतेम ९१ मिलिमीटर उंच आहे, १५ इंची टायर असलेल्या स्विफ्टची १२०. खड्ड्यात आपटल्यावर रबर रस्ता आणि रिम यांच्यात चिरडले जाते.

रन-फ्लॅट असेल तर हवा गेल्यावरही साधारण ८० किलोमीटर, ताशी ८० च्या वेगाने जाता येते. वाशिमच्या टप्प्यातून त्यावर नागपूर गाठता येत नाही, पण रस्त्याच्या कडेला अंधारात थांबायची वेळ तरी टळते.

ढाब्याशेजारचा पंक्चरवाला दोरी घालून भोक बुजवून देईल, त्याचा हात तयार असतो. अडचण जॅकची आहे. गाडी इतकी खाली असते की नेहमीचा जॅक आत शिरत नाही. चुकीच्या जागी लावला तर तळाचे कव्हर फुटते. ९११ जीटी३ सारख्या गाडीत तर चाकाला मधोमध एकच मोठी नट असते आणि ती ६०० न्यूटन-मीटरने आवळावी लागते. साध्या गाडीच्या नटांना १०० ते १२० पुरते. असा पाना ढाब्यावर कुठून येणार?

रिम वाचवायची की जीव?

स्पोर्ट्स कारचे मालक इथेच चुकतात. महागडी रिम खराब होईल म्हणून गाडी आहे तिथे, कधी मधल्या लेनलाही, उभी केली जाते. समृद्धीवर कारची वेगमर्यादा ताशी १२० आहे, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. मागे ५० मीटरवर ठेवलेला त्रिकोण ओलांडून गाडी तुमच्यापर्यंत दीड सेकंदात पोचते. तेव्हा स्टिअरिंग घट्ट धरून, ब्रेक न दाबता वेग उतरू द्यावा, चारही इंडिकेटर लावावेत आणि अगदी रिमवर का होईना, गाडी रांगत रांगत कडेच्या पट्ट्याबाहेर न्यावी. रिम विकत मिळते. सर्वांनी कठड्यापलीकडे उभे राहावे, गाडीत बसू नये. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांक आहे. समृद्धी राज्य रस्ते विकास महामंडळाची आहे, तिचा मदत क्रमांक निघण्यापूर्वीच फोनमध्ये असावा. जीव धोक्यात असेल तर ११२. टोइंगसाठी ‘फ्लॅटबेडच पाठवा’ असे स्पष्ट सांगावे. पुढची चाके उचलून ओढणारी क्रेन ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीचा गिअरबॉक्स बिघडवू शकते.

जबाबदारी एकट्या चालकाची?

नाही. नियमाने गाडीतून स्टेपनी काढायची मुभा दिली, पण त्या बदल्यात रस्त्यावर काय हवे, हे ठरवले नाही. ७०१ किलोमीटरच्या रस्त्यावर टोल घेणाऱ्या यंत्रणेने कमी उंचीचा जॅक, पंप आणि फ्लॅटबेड असलेली गस्ती गाडी ठरावीक अंतरावर ठेवायला हवी आणि ती किती वेळात पोचली, हे जाहीर करायला हवे. समृद्धीवर टायरची तपासणी करून गुळगुळीत टायरवाल्यांना अडवले गेले, ते योग्यच होते. मग रस्त्यावर पडलेल्या लोखंडाचा जाबही तितक्याच कडकपणे विचारला जावा.

आणि शोरूममध्ये गाडीची चावी देताना फोटो, हार, केक सगळे होते. त्याच वेळी बाटली, तिची मुदत आणि जॅक लावायची जागा दाखवायला दहा मिनिटे लागतात.