सुरगांठ आणि निरगांठ

मनमाडावरून आगगाडीनें जाणाऱ्या पुष्कळ वाचकांनीं खिडकींतून एक सुळका पाहिला असेल. उभारलेल्या आंगठ्यासारखा दिसणारा, अंकाई-टंकाईच्या जोडकिल्ल्यांजवळचा हा सुळका म्हणजे हडबीची शेंडी. दोर लावल्यावांचून तिच्या माथ्यावर जातां येत नाहीं. म्हणून जळगांव-धुळ्याकडील ज्या तरुणांस लळिंगची पायवाट आतां सोपी वाटूं लागली आहे, त्यांची पावलें तिकडे वळतात. गेल्या हिवाळ्यांत आमच्या शाळेचीं सहा मोठीं मुलें जाणत्या गिर्यारोहकांबरोबर तेथें गेलीं. सोबत मीही होतों. कोणास इजा झाली नाहीं, ही परमेश्वराची कृपा. मात्र एक बूट हरवला, आणि त्या बुटाविषयीं लिहिल्यावांचून मला राहवत नाहीं.

कडा चढण्याचे बूट नेहमींच्या बुटांसारखे नसतात. त्यांचा तळ मऊ, चिकट रबराचा व अगदीं गुळगुळीत. आंत बोटें किंचित् वांकून बसावीं इतके ते घट्ट. कातळाच्या बोटभर कंगोऱ्यावर त्यांनीं पाय ठरतो, पण सपाटीवर शंभर पावलें चालणेंही नकोसें होतें. यास्तव पायथ्यापर्यंत साधे बूट पायांत आणि चढाईचे बूट सॅकवर, असा प्रघात पडला आहे. दोर, हेल्मेट, पाणी आणि शिदोरी भरल्यावर आंत जागा उरत नाहीं. मग दोन्ही नाड्या एकत्र बांधून जोडी बाहेर अडकविली जाते. चालतांना ती घड्याळाच्या लंबकाप्रमाणें हेलकावे खाते. आणि खरें बोलावें तर, पाहणाऱ्यास हा कोणी कडा चढणारा आहे असें कळतें, हेंही मुलांस आवडतें. त्यांत मोठेंसें पाप आहे असें मी म्हणत नाहीं.

आमच्याजवळ वर्गणीनें घेतलेल्या तीन जोड्या होत्या. त्यांपैकीं एक ज्याच्या सॅकवर होती, तो मुलगा नववींत शिकतो. त्याचे वडील केळीच्या बागेंत रोजानें कामास जातात. पायथ्याशीं सॅक उतरवून पाहतो, तों एकच बूट! वाटेंत बाभळी-बोरींचीं झुडपें होतीं. कोठेंतरी फांदीनें नाडी ओढली, सुरगांठ सुटली, एक बूट पडला आणि दुसरा नाडीच्या गुंत्यामुळें तेवढा अडकून राहिला. इतर मुलें दोरावर असतां हा दोन वेळां त्या वाटेनें माघारीं जाऊन आला. त्याच्या चढण्याची पाळी आली तेव्हां तो रानांत होता. पुढील सोमवारपासून तीन दिवस तो शाळेंत आला नाहीं. चौथ्या दिवशीं आला तो मुठींत कांहीं नोटा घेऊन. "सर, उरलेले हळूहळू देतों," एवढेंच म्हणाला. तीन दिवस वडिलांबरोबर घड वाहून मिळविलेले ते पैसे होते.

ते मीं घेतले नाहींत. परंतु दुसऱ्या कोणीं घेतले असते, तर त्यास दोष देणें कठीण होतें. कारण जोडी सांभाळण्याची जबाबदारी त्याची, असें आम्हींच त्यास बजावलें होतें. आम्हीं त्याच्या स्वाधीन बूट केले आणि जबाबदारीही केली; गांठ मात्र शिकविली नाहीं. सुरगांठ म्हणजे टोंक ओढतांच सुटणारी, आणि निरगांठ ओढली कीं अधिकच आवळणारी. लुगड्याच्या पदरास पैसे बांधणाऱ्या आपल्या आजीबाईंस हा भेद पक्का ठाऊक असे. आमच्या नववी-दहावीच्या मुलांस तो ठाऊक नाहीं, याचें उत्तर मुलांनीं द्यावयाचें कीं शिक्षकांनीं?

ही हकीकत कळल्यावर बहुतेक पालकांचें मत पडलें कीं, बूट आंतच ठेवावे. एका माउलीनें मात्र विचारलें, "सर, ज्या पिशवींत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, तींतच का घामेजलेले बूट कोंबायचे?" तिचें म्हणणें खोटें नाहीं. हे बूट पुष्कळ जण मोज्यांवांचून घालतात. आंतील ओल बंद पिशवींत वाळत नाहीं. उलटपक्षीं आपल्या खानदेशचें ऊन! उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांवर जातो. तशा उन्हांत दिवसभर टांगलेल्या बुटाच्या तळाची चिकटवण सैल होऊं शकते व आकारही बिघडतो. शिवाय धुळीनें माखलेला तळ कातळावर धरत नाहीं, तो घसरतो.

म्हणून माझें मत असें कीं, जातांना बूट आंत, येतांना बाहेर. जातांना ते कोरडे व स्वच्छ असतात. कापडी थैलींत घालून ते सॅकच्या अगदीं वरच्या भागांत ठेवावे, आणि त्यांना जागा होत नसेल तर दुसरें कांहीं कमी न्यावें. येतांना शिदोरी संपलेली असते आणि बुटांस वाऱ्याची गरज असते. तेव्हां ते खुशाल बाहेर बांधावे. पण बांधावे, लटकवूं नयेत. दोन्ही टाचांमागें फितीचे फास असतात, त्यांतून दोरी ओवावी. तळाशीं तळ लावावा. आणि सॅकच्या पट्ट्याशीं निरगांठ मारून जोडी अशी आवळावी कीं मध्यें मूठ शिरूं नये. कांहीं मुलें कॅराबिनर, म्हणजे उघडझांप होणारी कडी, लावतात. तीही उत्तम, पण तींत नाडी न अडकवितां टाचेचे फास अडकवावे. हेलकावणारें ओझें थोडें असलें तरी उतरणीवर ऐन पाऊल टाकतांना तोल घालवितें. लळिंग उतरतांना बाहेर टांगलेल्या पाण्याच्या बाटलीनें मला हा धडा दिला, आणि गुडघ्यावर त्याची खूण आहे.

इतक्या लहानशा गोष्टीचा बाऊ कशास, असें कोणी म्हणेल. १९३५ सालीं आल्प्स पर्वताच्या इटलीकडील भागांत विताले ब्रामानी या गिर्यारोहकाचे सहा सोबती वादळांत सांपडून मृत्यु पावले. त्या काळीं पायथ्यापर्यंत खिळे मारलेले जड बूट आणि कड्यावर पातळ तळाचे हलके बूट, अशी रीत होती. अपुरें पादत्राण हें त्या दुर्घटनेचें एक कारण मानलें गेलें. पुढें १९३७ सालीं ब्रामानीनें खोल खांचांचा रबरी तळ सिद्ध केला. आज बाजारांत दिसणारे खांचांच्या तळाचे डोंगरी बूट त्याच घराण्यांतले. कोणता बूट पायांत आणि कोणता पाठीवर, हा प्रश्न त्या लोकांना क्षुल्लक वाटला नसावा.

आतां राहिला पैशांचा प्रश्न. वर्गणीच्या जोडीचा तोटा वर्गणींतूनच भरला पाहिजे. ज्याची पाळी होती त्याच्या घरीं तो जातां कामा नये. हें मी पुढील पालकसभेंत मांडणार आहें, आणि ज्या पालकांनीं आपल्या मुलांस स्वतंत्र महागडे बूट घेऊन दिले आहेत, त्यांनीं त्या दिवशीं अवश्य यावें अशी माझी विनंती आहे. उरलेला डावा बूट माझ्या टेबलाच्या खणांत आहे. शनिवारीं शाळा सुटल्यावर त्याच्यावर आम्ही गांठींचा सराव करितों. धाकट्यांस निरगांठ तो मुलगाच दाखवितो. येत्या हिवाळ्यांत हडबीच्या शेंडीवर पहिली पाळी त्याची, असें मीं त्यास कबूल केलें आहे.