'शुक्रतारा'च्या बाजूने

गाणाऱ्या-ऐकणाऱ्या मंडळींत अरुण दाते यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं : "माणूस गोड, पण गळा बेताचा." मग त्याला पुस्त्या जोडल्या जातात. त्यांचं 'शुक्रतारा' हे भावगीत टिकलं ते श्रीनिवास खळ्यांच्या चालीमुळे आणि मंगेश पाडगावकरांच्या शब्दांमुळे, गायकाचा त्यात वाटा तो काय? आवडतं तेही साठी उलटलेल्यांना, जुन्या दिवसांच्या आठवणीने. आणि सुखवस्तू घरांतल्या दिवाणखान्यांसाठी केलेलं गुळगुळीत गाणं ते, आणखी किती वर्षं मिरवायचं? असं बोलणारे गाण्यात अडाणी नसतात. काही जण तर चांगले तयारीचे गातात. म्हणून त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेऊन भागणार नाही, एकेक मुद्दा हातात घेऊन पाहिला पाहिजे. माझ्या मते त्यांतला एकच वजनदार आहे.

आठवणींचा मुद्दा सगळ्यात कच्चा, तो आधी उरकतो. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हे गाणं रेडिओवरून पहिल्यांदा ऐकणाऱ्याजवळ त्याची कसली आठवण होती? काहीच नाही. तरी ते त्याला धरून बसलं. शिवाय त्याच काळात, त्याच रेडिओवरून, त्याच घरांत शेकड्यांनी भावगीतं वाजली. त्यांतली बहुतेक आज कुणाला नावानेही आठवत नाहीत. आठवणींच्या बळावर गाणी जगत असती तर ती सगळीच जगली असती. आठवण गाण्याला चिकटते हे खरं, पण चिकटायला मुळात गाणं उरावं लागतं.

श्रेयाचा मुद्दा थोडा बरा आहे, कारण त्यात अर्धं खरं आहे. खळे आणि पाडगावकर यांच्याशिवाय 'शुक्रतारा' नाही, हे कोण नाकारील? पण खळे हे काही समोर येईल त्या गळ्यात चाल घालणारे संगीतकार नव्हते. पुढे भीमसेन जोशी आणि लता मंगेशकर यांच्याकडून अभंग गाऊन घेणाऱ्या या माणसाला कुठल्या आवाजाला काय द्यायचं हे अचूक कळत होतं. दाते तेव्हा रेडिओवर उर्दू गझला गात असत. तो आवाज कानावर पडल्यावर मराठीसाठी हाच हवा असा आग्रह खळ्यांनी धरला. दाते कचरले. इंदुरात वाढलेल्या, हिंदी-उर्दूत रमलेल्या गायकाला मराठी उच्चारांची धास्ती वाटणं साहजिकच होतं. तरीही खळ्यांनी त्यांनाच गायला लावलं. ज्याने चाल बांधली त्यालाच हा आवाज हवा होता, ही गोष्ट गायकाला वजा करणारे सोयीने विसरतात.

आणि हा आग्रह किती बरोबर होता हे गाण्याच्या मापातच दिसतं. नावातलेच दोन तुकडे घ्या : शुक्रतारा, मंद वारा. गालगागा, गालगागा ('गा' म्हणजे गुरू, 'ल' म्हणजे लघू). पुरी ओळ मोजली की निघतं देवप्रिया वृत्त : गालगागा तीनदा आणि शेवटी गालगा. उर्दू गझल ऐकणाऱ्याला हे माप वेगळ्या नावाने ठाऊक असतं : फाइलातुन, फाइलातुन, फाइलातुन, फाइलुन. गालिबच्या दिवाणातली पहिली गझल याच मापात आहे. म्हणजे गझलेवर पोसलेल्या गळ्यापुढे गझलेच्याच लयीतली मराठी कविता आली होती. या मापाची गंमत अशी, की शेवटचा सोडून प्रत्येक तुकडा दोन गुरू अक्षरांवर संपतो. 'तारा', 'वारा' : दोन्हीकडे मोकळा, लांब आकार. तिथे जागा तयार होते. ती जागा मुरकीने भरायची की तशीच राहू द्यायची, हे गायकाला दर वेळी ठरवावं लागतं. दाते ती राहू देतात. स्वर सरळ ठेवतात, किंचित सैल सोडतात आणि पुढच्या शब्दावर अलगद उतरतात. 'शुक्र'मधलं जोडाक्षर ते ठोकत नाहीत, पण गिळतही नाहीत. गझल गाणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो शब्द न दुखावण्याचा. तो धडा इथे मराठीला मिळाला.

आता खरा वादाचा मुद्दा : गळा बेताचा. वर जाणारा पल्ला नाही, तान नाही, दमसास दाखवणं नाही. हे सगळं खरं आहे आणि तरी निष्कर्ष चुकीचा आहे, कारण मापायची पट्टीच चुकीची उचलली आहे. आपल्याकडे आवाजाची थोरवी ठरली ती नाट्यगृहात. ध्वनिक्षेपक नसताना पिटातल्या शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचवायचा तर आवाज फेकावाच लागे, आणि नाट्यसंगीताने त्या फेकीतूनच आपलं वैभव उभं केलं. मायक्रोफोन आला तशी गायक आणि ऐकणारा यांच्यातलं अंतर एकदम वीतभर झालं. आता ओरडून सांगायची गरज उरली नाही. उलट त्या अंतरावर ओरडणं खोटं वाटू लागलं. अमेरिकेत १९२५नंतर विजेवर ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि बिंग क्रॉस्बीसारखे गायक मायक्रोफोनच्या जवळ येऊन जणू कानाशी बोलल्यासारखे गाऊ लागले. त्यांच्यावरही असाच हल्ला झाला होता. बॉस्टनचे कार्डिनल विल्यम ओकॉनेल यांनी १९३२ साली या हळुवार गायकीवर ती पुरुषाला न शोभणारी म्हणून जाहीर तोंडसुख घेतलं. आपल्याकडे तलत महमूद यांच्या आवाजातल्या कंपाला सुरुवातीला दोष मानणारे होतेच. संगीतकार अनिल विश्वास यांनी तो कंप घालवू नकोस म्हणून त्यांना बजावलं, तेव्हा कुठे तलत मोकळेपणी गाऊ लागले. दाते या परंपरेतले आहेत. फडात उतरलेल्या गायकाची मोजपट्टी त्यांना लावायची आणि मग ते कमी भरले म्हणून मान हलवायची, हा न्याय नव्हे.

हळू गाणं सोपं असतं, हा त्याच्याच पोटातला दुसरा गैरसमज. गेल्या कोजागिरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर कॅराओके लावला होता. एक पंचविशीचा मुलगा, गळ्याने खरोखर तयार, 'शुक्रतारा' गायला उभा राहिला. पहिल्या ओळीत दोन मुरक्या, दुसरीत एक हरकत, ध्रुवपदावर परत येताना छोटीशी सरगमही. टाळ्या पडल्या. पण मसाला दूध ओतणाऱ्या बायकांचं आपसातलं बोलणं काही थांबलं नाही. त्याच्यानंतर तळमजल्यावरचे एक गृहस्थ उभे राहिले. ते गायक नव्हेत, सूर दोन ठिकाणी उतरलाही. पण ते कुणाशी तरी बोलावं तसं गायले, आणि दुसऱ्या ओळीला गच्ची गप्प झाली. मुलाकडे कसब जास्त होतं, यात शंका नाही. त्याला एवढंच कळलं नव्हतं की हे गाणं समोरच्या एका व्यक्तीला उद्देशून आहे. तिला सोडून तो आमच्याकडे बघून गात होता. मुरकी मध्ये आली की ती समोरची व्यक्ती नाहीशी होते आणि उरतो तो फक्त गायक. दात्यांच्या मूळ ध्वनिमुद्रणात गायक पुढे येतच नाही. इतका मोह आवरायला केवढी तयारी लागते, हे ज्याने एकदा तरी प्रयत्न केला आहे त्याला विचारा.

ही तयारी आकाशातून पडलेली नव्हती. वडील रामूभैया दाते हे इंदूरचे नामांकित रसिक. पु. ल. देशपांड्यांनी 'गणगोत'मध्ये त्यांच्यावर जीव ओवाळून लिहिलं आहे. घरात थोरामोठ्या गवयांचा राबता. सुरुवातीची तालीम कुमार गंधर्वांकडे, पुढे मुंबईत के. महावीर यांच्याकडे. म्हणजे मोठं गाणं म्हणजे काय हे ज्याने लहानपणापासून जवळून पाहिलं, त्याने जाणूनबुजून हे हळू गाणं निवडलं. पोटापाण्याला कापडउद्योगातल्या इंजिनिअरची नोकरी होती, तीही त्यांनी वर्षानुवर्षं केली. नुसत्या टाळ्यांसाठी गळा रंगवायची त्यांना गरज पडली नाही, याचाही त्या आवाजातल्या शांतपणाशी संबंध असावा असं मला वाटतं.

आता तो एक वजनदार आक्षेप. भावगीत हे पांढरपेशांचं, त्यातही शहरी सवर्ण घरांचं लाडकं बाळ. रेडिओला परवाना लागायचा त्या काळात रेडिओ कुणाच्या घरी होता ते उघड आहे. १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, पुढच्याच वर्षी चीनचं युद्ध झालं. त्याच १९६२ साली नारायण सुर्वे यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' आला आणि गिरणगाव स्वतःच्या आवाजात मराठी कवितेत बोलू लागलं. आंबेडकरी लोकशाहीर वामनदादा कर्डकांची गाणी वस्त्यावस्त्यांत गाजत होती आणि रेडिओच्या भावगीतांत त्यांना पाट मांडलेला नव्हता. अशा वेळी चांदणं, वारा आणि प्रेमी युगुल? हा प्रश्न रास्त आहे. ज्यांचं गाणं रेडिओच्या दारातच अडवलं गेलं त्यांनी तो विचारलाच पाहिजे, आणि त्याचं उत्तर 'आम्हाला आवडतं' एवढंच असू शकत नाही.

पण दोष नेमका कुणाचा? दार अडवणाऱ्यांचा. आत वाजलेल्या गाण्याचा नाही. कर्डकांना जागा न मिळाल्याचा राग 'शुक्रतारा'वर काढला तर अन्याय दूर होत नाही, नुसतं एक चांगलं गाणं वाईट ठरतं. आणि प्रेमगीत म्हणजे पळवाट असं मानायचं तर कवीकडेही पाहावं लागेल. पुढे 'सलाम' लिहून घाबरलेल्या, वाकलेल्या माणसाचं चित्र डोळ्यांत बोट घालून दाखवणारे पाडगावकर तेच. एका माणसात ही दोन्ही गाणी राहू शकतात. आपल्यालाही दोन्हींची गरज पडते.

त्याहून मोठी गोष्ट या गाण्याच्या बांधणीतच आहे, आणि ती मला सगळ्यात मोलाची वाटते. हे युगुलगीत आहे. तो तिला जवळ राहायला विनवतो, आणि पुढच्या कडव्यात ती तेच मागणं त्याच्यापाशी करते. तीच चाल, तेवढाच अवकाश, तेवढंच वजन. सिनेमातला नायक नायिकेमागे झाडाभोवती धावत होता, तिच्या रुसव्याला होकार समजत होता, त्या दिवसांतलं हे गाणं आहे. इथे कुणी कुणाचा पाठलाग करत नाही. तिला काय वाटतं ते ती स्वतः सांगते, आणि ती गात असताना तो मध्ये पडत नाही. तिच्या ओळी गाणाऱ्या सुधा मल्होत्रा या पंजाबी घरातल्या, हिंदी सिनेमात गाणाऱ्या. त्यांच्या स्वरात लाज आहे पण दबलेपणा नाही. दात्यांचा आवाज मोठा असता, पल्लेदार असता, तर हा तोल बिघडला असता आणि ती सोबतीला उभी असलेली पाहुणी झाली असती. गळा बेताचा म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी इथे थांबून ऐकावं. त्या बेतानेच तिला तिची जागा मिळाली आहे. जात, शहर, उत्पन्न यांच्या पलीकडे जाऊन एखादं गाणं लोकांना आपलं वाटतं ते अशा गोष्टींमुळे. बरोबरीने वागवलं जावं ही ओढ काही पुण्या-दादरची मिरास नव्हे. आणि गाणं तरी पुण्या-दादरचं कुठे आहे? गायक इंदूरचा, गायिका पंजाबी, संगीतकार बडोद्यात वाढलेला, कवी वेंगुर्ल्याचा.

राहता राहिला शेवटचा टोमणा : एकाच गाण्यावर आयुष्य काढलं. 'शुक्रतारा' नावाच्या कार्यक्रमाचे अडीच हजारांवर प्रयोग झाले हे खरं. दर प्रयोगाला दात्यांना हे गाणं गावंच लागे, सोबतीची गायिका बदलत राही. पण त्या कार्यक्रमांत लोक बसून राहत ते एका गाण्यासाठी नव्हे. यशवंत देवांच्या चालीतलं 'भातुकलीच्या खेळामधली' आठवा, मग 'या जन्मावर' आठवा. कवी तोच, संगीतकार तोच, आवाजाची पातळी जवळजवळ तीच. एकात मोडलेल्या डावाची हुरहूर आहे, दुसऱ्यात जगण्याला दिलेला उघडा होकार. पहिल्यात दाते वाक्याचा शेवट किंचित खाली सोडतात. दुसऱ्यात तोच शेवट समेवर ठाम ठेवतात. आवाज चढवून दुःख आणि आनंद वेगळे करणं कुणालाही जमेल. एकाच पातळीवर राहून, नुसत्या शब्दाच्या टोकाशी ते वेगळे करणारे गायक मराठीत किती झाले? ६ मे २०१८ला, वयाच्या ८४व्या वर्षी दाते गेले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर यशवंत देवही गेले. ज्यांना अजूनही हा गळा बेताचा वाटतो त्यांनी ही दोन गाणी आणि 'शुक्रतारा' एका बैठकीत, मूळ ध्वनिमुद्रणावर, दुसरं काही न करता ऐकावीत आणि मग माझ्याशी वाद घालायला यावं. मी वादाला तयार आहे.